सायकलिंगनंतरचा प्रोटीन शेक कसा निवडावा

प्रोटीन शेकची निवड बहुतेक जण डब्यापासून सुरू करतात: कोणती कंपनी, कोणती चव, एका स्कूपमध्ये किती ग्रॅम प्रथिने. सायकलस्वाराने मात्र ती त्या दिवसाच्या राइडपासून सुरू करावी, कारण सायकल चालवताना शरीरातून जे खर्ची पडते ते व्यायामशाळेत वजने उचलणाऱ्याच्या खर्चापेक्षा बरेच वेगळे असते. पेडल दाबताना मांडीचे स्नायू आखडत असतानाच जोर लावतात. उतारावर धावताना ते ताणले जात असतानाच भार पेलतात, तसे सायकलवर फारसे घडत नाही, आणि म्हणून स्नायुतंतूंची हानी तुलनेने कमी होते. उलट स्नायूंत आणि यकृतात साठलेले ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने राखून ठेवलेले कर्बोदकांचे इंधन, लांब आणि जोरकस राइडमध्ये तळाला जाऊ शकते. हा साठा भरून काढण्याचे काम प्रामुख्याने कर्बोदकांचे आहे, प्रथिनांचे नव्हे. त्यामुळे ‘साखर शून्य’ असे ठळकपणे मिरवणारा शेक नुसता पाण्यातून घेतला, तर सायकलस्वाराच्या गरजेचा एकच भाग पुरा होतो.

पहिली पायरी: राइड पाहून गरज ठरवावी

तासाभराची आरामात केलेली राइड असेल आणि पुढचे जेवण वेळेवर मिळणार असेल, तर शेकची गरज नसते. दोन-तीन तासांहून लांब, चढांची किंवा वेगाच्या सरावाची राइड असेल, तर पुढची राइड केव्हा आहे हा प्रश्न आधी विचारावा. ती सुमारे आठ तासांच्या आत असेल, तर पहिल्या चार तासांत दर तासाला शरीराच्या प्रत्येक किलोमागे १ ते १.२ ग्रॅम कर्बोदके घ्यावीत, असे क्रीडापोषणात सर्वसाधारणपणे सांगितले जाते, आणि अशा वेळी सहज पोटात जाणारा शेक खरोखर उपयोगी पडतो. पुढची राइड एक-दोन दिवसांनी असेल, तर घाई करण्याचे कारण नाही. दिवसभराचे एकूण खाणे पुरेसे असले म्हणजे झाले. राइड संपल्यावर अर्ध्या तासात प्रथिने घेतली नाहीत तर मेहनत वाया गेली, ही समजूत अतिरंजित आहे, कारण व्यायामानंतर प्रथिनांचा उपयोग करून घेण्याची स्नायूंची वाढलेली क्षमता निदान एक दिवस टिकते.

दुसरी पायरी: प्रथिनांचे माप ठरवावे

नियमित व्यायाम करणाऱ्याला दिवसभरात शरीराच्या प्रत्येक किलोमागे साधारण १.४ ते २ ग्रॅम प्रथिने पुरतात, आणि एका वेळच्या शेकमध्ये किलोमागे ०.२५ ते ०.३ ग्रॅम हे व्यवहारात चांगले माप आहे. ७० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी ते सुमारे २० ग्रॅम होते. वय वाढते तसा स्नायूंचा प्रतिसाद मंदावतो. म्हणून साठीच्या आसपासच्या सायकलस्वाराने हे माप किलोमागे ०.४ ग्रॅमपर्यंत न्यावे. एका शेकमध्ये ५० ग्रॅम प्रथिने देण्याचे आश्वासन वाचून हुरळून जाण्यापेक्षा तीच प्रथिने दर तीन ते पाच तासांच्या अंतराने दिवसभरात विभागून घेणे अधिक शहाणपणाचे आहे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र यांपैकी कोणतेही माप डॉक्टरांना विचारल्याशिवाय अंगीकारू नये.

तिसरी पायरी: डब्याची मागची बाजू वाचावी

डब्याच्या पुढच्या बाजूला जाहिरात असते, माहिती मागे असते. तिथे सर्वप्रथम एका स्कूपचे वजन आणि त्यातील प्रथिने हे दोन आकडे शोधून त्यांचा भागाकार करावा. ३३ ग्रॅमच्या स्कूपमध्ये २४ ग्रॅम प्रथिने असतील, तर पावडरमध्ये सुमारे ७३ टक्के प्रथिने आहेत. हे चांगले प्रमाण आहे. १०० ग्रॅमच्या मापात २० ग्रॅम प्रथिने असतील, तर ते वजन वाढवण्यासाठी विकले जाणारे मिश्रण असून त्यातील मोठा वाटा कर्बोदकांचा आहे. लांब राइडनंतर ते अगदीच निरुपयोगी नसते, पण प्रथिनांचा भाव देऊन साखर विकत घेत आहोत एवढे ध्यानात असावे.

त्यानंतर घटकांची यादी पाहावी. खाद्यपदार्थातील प्रथिने सहसा थेट मोजली जात नाहीत. त्यातील नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ सारख्या ठरावीक गुणकाने गुणले जाते. डेन्मार्कच्या योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये मांडलेल्या नायट्रोजन मोजण्याच्या पद्धतीवर हा हिशेब उभा आहे. नायट्रोजन प्रथिनांतून आला की दुसऱ्या घटकातून, हे त्यात कळत नाही. याच पळवाटेचा फायदा घेऊन काही उत्पादक ग्लायसीन, टॉरीन यांसारखे स्वस्त नायट्रोजनयुक्त घटक मिसळतात. तपासणीत आकडा फुगतो, स्नायूंच्या वाट्याला मात्र कमी प्रथिने येतात. ही नावे यादीत दिसली, किंवा अनेक घटक एकाच भारदस्त नावाखाली एकत्र करून प्रत्येकाचे प्रमाण लपवलेले दिसले, तर तो डबा परत ठेवलेला बरा. प्रथिने ज्यांची बनलेली असतात त्या प्रत्येक अमिनो आम्लाचे प्रमाण स्वतंत्रपणे छापलेले असेल, तर ल्युसीन शोधावे: स्नायूंच्या बांधणीला चालना देणारे हे अमिनो आम्ल एका मापात २ ते ३ ग्रॅम असावे. केवळ तीन अमिनो आम्ले असलेल्या बीसीएए पावडरला प्रोटीन शेकचा पर्याय समजू नये, कारण बांधणीसाठी लागणारी बाकीची आवश्यक अमिनो आम्ले तिच्यात नसतात.

स्पर्धेत उतरणाऱ्यांसाठी आणखी एक अट आहे. पूरक आहारात बंदी असलेला पदार्थ नकळत मिसळला गेला असला, तरी त्याची जबाबदारी खेळाडूवरच येते. म्हणून ‘इन्फॉर्म्ड स्पोर्ट’ किंवा ‘एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट’ यांसारखी स्वतंत्र तपासणीची खूण पाहावी आणि डब्यावरचा बॅच क्रमांक त्या संस्थेच्या यादीशी ताडून घ्यावा.

चौथी पायरी: प्रथिनांचा प्रकार निवडावा

दुधातील प्रथिनांपैकी सुमारे २० टक्के व्हे आणि ८० टक्के केसीन असते. व्हे लवकर पचते आणि त्यात ल्युसीन भरपूर असते, म्हणून राइडनंतर त्याला पहिली पसंती मिळते. व्हे पावडरच्या कॉन्सन्ट्रेट या साध्या प्रकारात साधारण ७० ते ८० टक्के प्रथिने आणि थोडे लॅक्टोज, म्हणजे दुधातील साखर, असते. आयसोलेट या अधिक शुद्ध प्रकारात ९० टक्क्यांच्या आसपास प्रथिने आणि लॅक्टोज अगदी कमी. दूध पचत असेल, तर आयसोलेटसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही. हायड्रोलायसेट, म्हणजे आधीच बारीक तुकड्यांत तोडलेली प्रथिने, आणखी महाग आणि चवीला कडवट असते. सामान्य सायकलस्वाराने त्याच्या वाटेला न गेले तरी चालते. केसीन सावकाश पचते आणि झोपण्यापूर्वी घ्यायला ठीक असते. वनस्पतिजन्य प्रथिने हवी असतील, तर सोया एकटे पुरते. वाटाण्याच्या प्रथिनांत मेथिओनीन हे अमिनो आम्ल कमी आणि तांदळाच्या प्रथिनांत लायसीन कमी असल्याने या दोहोंचे मिश्रण घ्यावे आणि ल्युसीनची तूट भरून काढण्यासाठी माप पाच-दहा ग्रॅमने वाढवावे.

पाचवी पायरी: कर्बोदके, पाणी आणि मीठ यांची जोड द्यावी

प्रथिनांच्या तिप्पट-चौपट कर्बोदके असलेले ‘रिकव्हरी’ शेक तयार मिळतात, परंतु तीच जोडणी घरी सहज होते. ३०० मिलिलिटर दुधातून सुमारे १० ग्रॅम प्रथिने आणि १४-१५ ग्रॅम कर्बोदके मिळतात. दोन मध्यम केळी त्यात आणखी ५० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकांची भर घालतात. अशा शेकमध्ये ७० किलोच्या सायकलस्वारासाठी व्हेचा अर्धाच स्कूप पुरतो, म्हणजे एक डबा दुप्पट दिवस चालतो. वजन कमी करण्यासाठी सायकल चालवणाऱ्याने केळी एकवर आणावीत, प्रथिनांना मात्र कात्री लावू नये. खाणे कमी असताना स्नायू टिकवण्यासाठी त्यांची गरज उलट वाढते.

घामाची भरपाई शेकच्या एका ग्लासाने होत नाही. राइडच्या आधी आणि नंतर वजन करून जितके किलो घटले असेल त्याच्या सुमारे दीडपट लिटर पाणी पुढच्या काही तासांत हळूहळू प्यावे. १ किलो घटले असल्यास दीड लिटर. सोबत खारट काहीतरी खावे, कारण सोडियमशिवाय प्यालेले बरेचसे पाणी लघवीवाटे निघून जाते.

सहावी पायरी: छोट्या पाकिटावर पोट आजमावावे

पावडरमधील इन्युलिन नावाचे तंतुमय द्रव्य, डिंकासारखे दाटपणा आणणारे पदार्थ आणि सॉर्बिटॉलसारखी गोडी यांमुळे काहींचे पोट फुगते, आणि जोरकस राइडनंतर पोट नाजूक असताना हा त्रास अधिक जाणवतो. म्हणून मोठा डबा घेण्यापूर्वी छोटे पाकीट आणून सरावाच्या दिवशी वापरून पाहावे. स्पर्धेच्या आठवड्यात नवी पावडर उघडू नये. गुठळ्या टाळण्यासाठी शेकरमध्ये आधी पाणी किंवा दूध आणि मग पावडर घालावी. राइडला नेताना कोरडी पावडर वेगळ्या डबीत ठेवून पाणी शेवटी मिसळावे, कारण तयार शेक उन्हात काही तासांत नासतो. शेकर रिकामा झाल्याबरोबर निदान नुसत्या पाण्याने खळबळावा. झाकणाच्या खाचेत सुकलेल्या व्हेचा वास पुढे साबणानेही सहजासहजी जात नाही.