आरडीचं टायमिंग कानानं लावू नका

राजदूत 350, म्हणजे यामाहा आरडीवरून भारतात बनलेली मोटरसायकल, घेतली की माणूस आधी आकडे पाठ करतो. 347 सीसी, बोअर 64, स्ट्रोक 54, सहा गिअर. तिच्या दोन प्रकारांपैकी हाय टॉर्कला 30.5 हॉर्सपॉवर, लो टॉर्कला 27. जपानच्या मूळ यामाहा आरडीला 39 होती हे कळलं की जरा खट्टूही होतो. पण गाडी धड ठेवायला मला दोनच आकडे लागतात: पॉइंटचा, म्हणजे उघडताना ठिणगी पाडणाऱ्या स्विचचा, गॅप 0.35 मिलिमीटर आणि टायमिंग 2.0 मिलिमीटर. म्हणजे पिस्टन अगदी वर पोचायला 2 मिलिमीटर उरले असताना ठिणगी पडली पाहिजे.

माझ्या हाय टॉर्कचं टायमिंग एका मिस्त्रीनं नुसत्या कानानं लावलं होतं. खंबाटकी चढताना डावा सिलिंडर गेला. उघडून पाहिलं तर पिस्टनच्या डोक्याला भोक! ठिणगी फार लवकर पडत होती.

दोन्ही प्लग काढा, म्हणजे इंजिन हातानं हलकं फिरतं. डावं कव्हर उघडलं की पॉइंटचे दोन संच दिसतील, दोन सिलिंडरचे दोन. गॅप आधी, टायमिंग नंतर. गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतो आणि टायमिंगही हलतं, त्यामुळे क्रम उलटा केलात तर सगळं पुन्हा करावं लागतं. पॉइंट पूर्ण उघडा असताना फिलर गेज, म्हणजे गॅप मोजायची पातळ पट्टी, किंचित घासत सरकला पाहिजे.

आता डाव्या प्लगच्या भोकात डायल गेज, म्हणजे पिस्टन किती सरकला ते दाखवणारं काट्याचं माप, बसवा. पिस्टन वर आणा, काटा शून्यावर घ्या. मग क्रँक उलटा फिरवून 3 मिलिमीटरपर्यंत खाली जा आणि तिथून सुलट्या दिशेनं सावकाश 2.0 वर या. थेट उलटं येऊन 2.0 वर थांबू नका, मधली ढिलाई आकडा चुकवते. पॉइंटची वायर आणि बॉडी यांच्यात 12 व्होल्टचा छोटा बल्ब जोडा, चावी ऑन करा. पॉइंट उघडला की बल्ब लागतो; तो नेमका 2.0 ला लागला पाहिजे. आधी किंवा उशिरा लागला तर त्या पॉइंटच्या प्लेटचे स्क्रू ढिले करून ती केसभर सरकवा, कसा, पुन्हा बघा. स्क्रू कसताना प्लेट हमखास हलते. चिडू नका, माझी तीन-चारदा हलते. काम थांबलं की चावी बंद, नाहीतर कॉइल तापते.

उजवीकडे हेच सगळं नव्यानं, गेज त्या भोकात लावून. डावीकडचा आकडा उजवीकडे गृहीत धरू नका. पॉइंट उघडणाऱ्या कॅमवर ग्रीसचं बोट फिरवायला विसरलात तर त्याला घासणारी पॉइंटची टाच लवकर झिजते, गॅप मिटत जातो आणि टायमिंग मागे पडतं.