वायरिंगचे नियम शिकायचे तर एक सर्किट धरा

आयएस ७३२, म्हणजे वायरिंगचं भारतीय मानक, पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका. वायरिंग शिकणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो. व्याख्यांच्या प्रकरणातच दम निघतो आणि पुस्तक कपाटात जातं. त्याऐवजी एक सर्किट धरा, समजा गिझरचं, आणि डीबीपासून (घरातल्या वितरण पेटीपासून) गिझरपर्यंत जे जे लागतं त्याचा नियम शोधत जा. वहीत नियमाचा कलम क्रमांक आणि आवृत्तीचं वर्षही लिहा. माझ्या हाताशी २०१९ ची आवृत्ती असते.

आधी लोड काढा. ३००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर साधारण १३ अँपिअर घेतो, म्हणून १६ अँपिअरची एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच. एमसीबी लोडपेक्षा कमी नको आणि वायरची क्षमता एमसीबीपेक्षा कमी नको, हा क्रम पाठच करा. एमसीबी असते ती वायर वाचवायला. आणि १६ ची एमसीबी १६ वर पडत (बंद होत) नाही. मानकाप्रमाणे १.१३ पट, म्हणजे सुमारे १८ अँपिअरला ती तासभर पडता कामा नये; १.४५ पट, म्हणजे २३.२ अँपिअरला तासाभरात पडलीच पाहिजे. तोवरची गरमी वायरलाच सोसायची असते.

आता वायर. इथे घाई नको. आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या कोष्टकात भिंतीवरच्या कंड्युइटमधल्या (वायरच्या पाइपातल्या) अडीच स्क्वेअर एमएम तांब्याच्या पीव्हीसी वायरला २४ अँपिअर दिलेत. बरेच जण इथेच थांबतात. पण तो आकडा ३० अंश तापमानाचा, पाइपात एकच सर्किट असतानाचा. भोवती ४० अंश असतील तर ०.८७ ने गुणा. त्याच पाइपात तीन सर्किटं असतील तर आणखी ०.७० ने. २४ चे उरले १४.६! १६ च्या एमसीबीखाली ही वायर नियमात बसत नाही. एकतर चार स्क्वेअरची ओढा, नाहीतर गिझरला पाइप वेगळा द्या. कोष्टकाखालच्या अटी वाचायची सवय लागली की निम्मा कोड आलाच.

अर्थिंगसाठी आयएस ३०४३ हे मानक उघडा. फेजची वायर १६ स्क्वेअरपर्यंत असेल तर अर्थचीही तेवढ्याच जाडीची घ्या. माणसाच्या जिवासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) लावा, पण तिला ओव्हरलोड कळत नाही, त्यामुळे एमसीबी हवीच. गिझरसोबतचं माहितीपत्रकही वाचा. कंपनीने सांगितलेली जोडणी पाळणं हाही नियमच आहे.

प्रत्यक्ष जोडणी परवानाधारक वायरमनच्या देखरेखीखालीच करा. सप्लाय देण्याआधी अर्थच्या वायरची सलगता तपासा, मग ५०० व्होल्ट डीसीवर इन्सुलेशन, ते किमान १ मेगाओहम हवं. सप्लाय दिल्यावर आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. ती पडली तर तिची यंत्रणा चालते एवढंच कळतं. गिझरच्या बॉडीपर्यंत अर्थ पोचलाय का, हे मीटर लावूनच बघायचं.