काँगोरिला वास्तववादी शैलीत रेखाटताना

डीसी कॉमिक्समधला काँगोरिला (१९५९) म्हणजे सोनेरी गोरिला. बहुतेकांचा घोळ कवटीतच होतो: माणसाचं डोकं रेखाटून वर केस चिकटवले जातात. आधी एचबी पेन्सिलीने हाडं मांडा. भुवयांचं हाड जाड व पुढे आलेलं, कपाळ मागे उतरतं, डोक्यावर उंचवटा, कान लहान. जबडा पुढे, पण हनुवटी नाही. ती रेखाटलीत की चेहरा लगेच मुखवटा वाटतो. मान खांद्यांत बुडालेली ठेवा.

हात पायांपेक्षा लांब, गुडघे किंचित वाकलेले. नायक म्हणून ताठ उभा करायचा मोह होतो, पण पाय सरळ झाले की केसाळ पोशाखातला पहिलवान उरतो.

केस शेवटी, तेही पुंजक्यांनी. कोपराखालच्या हातावर ते कोपराकडे वळतात. चेहरा, तळवे आणि छाती उघडी, काळी कातडी. तिथे ६बी (मऊ, गडद पेन्सिल) वापरा, चमक मळीव खोडरबराने (कणकेसारखा मळता येणारा खोडरबर) उचला. रंगात पिवळ्या गेरूचा पातळ थर द्या, तो वाळल्यावरच सावलीत बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी रंग). ओल्यावर दिलात तर सोनं मातकट होतं.