मांजर निवांत बसलंय की अंग चोरून?

माझं शिलाई मशीन खिडकीला लागून आहे. उजव्या हाताला कापडांची चळत आणि चळतीवर बंड्या, आमचा ८ वर्षांचा पिवळा बोका. सांगलीच्या या गल्लीत माझ्याकडे ब्लाउज शिवणाऱ्या बहुतेक बायका त्याचे केस आपापल्या घरी घेऊन गेल्यात. मांजर दिवसाचे १२ ते १६ तास झोपण्यात आणि पेंगण्यात घालवतं, त्यामुळे मशीनवर बसले की तो समोर पडलेला असायचाच. मापं द्यायला येणाऱ्या पोरी विचारतात, "काकू, आमची मनी अशी का बसते हो?" म्हणून बघून बघून जे कळलं ते लिहिते.

आधी हवा बघा. मांजर अंगाची घडी घालतं ती बरीचशी थंडी-उन्हाच्या हिशेबानं. डिसेंबरात बंड्या मुटकुळं करतो, नाक शेपटीत खुपसतो. एप्रिलात शहाबादी फरशीवर लांबच्या लांब पसरतो, एवढा की पाय कुठे ठेवावा कळत नाही. दोन्ही ठीक. भर उन्हाळ्यात मुटकुळं, तेही कपाटामागच्या अडगळीत, जिथे तो एरवी जात नाही, तर मात्र चौकशी करायची.

उताणं झोपणं म्हणजे या घरात मला कुणाची भीती नाही, एवढंच. पोटावरून हात फिरवा असा त्याचा अर्थ नव्हे. माझ्या नातवानं तसा तो घेतला आणि मनगटावर चार ओरखडे घेऊन गेला.

खरी गोम आहे पावासारखं बसण्यात. पाय पोटाखाली दुमडून, शेपूट अंगाभोवती लपेटून, लादीपावासारखं चौकोनी. लोक फोटो काढतात, मीही काढायची. पण दुखणाऱ्या मांजराची बैठक लांबून अगदी अशीच दिसते, आणि यात मी एकदा फसले.

तीन वर्षांपूर्वी, दिवाळीआधीची गर्दी. बंड्या सकाळपासून दाराशी पावासारखा बसून. मधेच उठून वाळूच्या टबात जायचा, बराच वेळ बसायचा, परत यायचा. मला वाटलं, पोट साफ होत नसेल. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, एरंडेल द्या. नशीब, बाटली सापडली नाही. संध्याकाळी दिवा लावायला उठले तेव्हा नीट पाहिलं. पाठीला पोक, मान खाली, नाक जवळजवळ फरशीला टेकलेलं. डोळे आवळून मिटलेले, पण झोप नाही. मशीन थांबलं तरी कान वळला नाही. हाक मारली तर जागचा हलला नाही.

जनावरांच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि लगेच आत घेतलं. लघवी तुंबली होती. बोक्यांचा मूत्रमार्ग अरुंद असतो, त्यात खडे किंवा चिकट गाळ अडकतो. पूर्ण तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जातो. भूल देऊन नळी घालावी लागली. बोका टबात वारंवार बसतोय आणि वाळू कोरडीच, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका.

तेव्हापासून मी बैठक बघते ती अशी. निवांत मांजराचे पंजे खरोखर आत दुमडलेले असतात, खांदे सैल, डोकं खांद्यांच्या वर, कान पुढे. जरा वेळानं ते कूस बदलतं. अंग चोरून बसलेल्याचे पंजे मात्र जमिनीवर रोवलेले, सगळा भार चार पायांवर, डोकं खांद्यांच्या खाली. तासभरानं बघा, तसंच. शिवणात कसं, वरून टाके सारखेच दिसतात, आतून धागा ताणलेला आहे का ते उलटून बघावं लागतं.

तोंडही वाचता येतं. कॅनडातल्या माँट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २०१९ साली यासाठी एक मापपट्टीच प्रसिद्ध केली. त्यात पाच गोष्टी बघायच्या: कान बाहेरच्या बाजूला फिरलेत का, डोळे आवळलेत का, नाकातोंडाचा गोल भाग ताणून लांबट झालाय का, मिशा सैल न राहता सरळ ताठ झाल्यात का, आणि डोकं खाली गेलंय का. प्रत्येकाला ० ते २ गुण. १० पैकी ४ किंवा जास्त झाले तर वेदना कमी करणाऱ्या औषधाची गरज असू शकते. मांजर जागं आणि शांत असताना बघायचं. झोपेत, खाताना किंवा अंग चाटताना नाही.

ते औषध डॉक्टरच देणार. घरातली पॅरासिटामॉलची गोळी अर्धीसुद्धा देऊ नका. मांजराच्या शरीराला ती पचवता येत नाही, विष होते. हे मी येणाऱ्या प्रत्येक पोरीला दोनदा सांगते.

झोपेत श्वास मोजा. बरगडी एकदा वर-खाली झाली की एक. १५ सेकंद मोजून चारनं गुणा. ३० पर्यंत ठीक; गाढ झोपेतही सतत त्याच्या वर जात असेल तर दाखवून घ्या. तोंड उघडं टाकून धापा टाकत असेल तर मोजत बसू नका, थेट निघा. आणि घुरघुरण्यावर विसंबू नका. बंड्या त्या रात्री रिक्षात माझ्या मांडीवर घुरघुरत होता.

शेपटीचं थोडक्यात. उभी शेपूट घेऊन येणं म्हणजे 'आलीस का'. पडल्या पडल्या ती फटफट आपटणं म्हणजे आता हात काढ. कुत्र्याच्या हिशेबानं तिचा अर्थ लावू नका. आणि तुमच्याकडे बघत सावकाश डोळे मिटले तर तुम्हीही तसेच सावकाश मिटून उघडा. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठानं २०२० साली हे तपासून पाहिलं: माणसानं असं केलं की मांजरंही जास्त वेळा तसं करतात. माझ्या सासूबाई हे पूर्वीपासून करायच्या. मला वाटायचं, त्यांना डुलकी येतेय.

शेवटचं कामाचं. दवाखान्यात कुठलंही मांजर भीतीनं अंग चोरूनच बसतं, त्यावरून डॉक्टरांना फारसं कळत नाही. म्हणून निघण्याआधी घरातल्या बैठकीचा मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या, शक्यतो बाजूनं, पाठ आणि मान दोन्ही दिसतील असा. एखादा चांगल्या दिवसाचा आधीच काढून ठेवलेला असेल तर दोन्ही दाखवा. माझ्या मोबाइलमध्ये नातवापेक्षा बंड्याचे व्हिडिओ जास्त आहेत, यावरून सूनबाई मला टोमणे मारते.