क्षितिज नसेल तर प्रकाश कसा वळतो, ते कागदावर कसं काढायचं

कृष्णविवरांची रंगीत चित्रं ढिगाने बघायला मिळतात. पण तितकीच आवळलेली, घटना क्षितिज (जिच्या आतून प्रकाशही परत येत नाही ती सीमा) नसलेली वस्तू त्या जागी ठेवली तर काय बदलतं, हे चित्रांतून कळत नाही. एका आलेखातून कळतं. मी तो अजूनही हाताने काढतो, स्प्रेडशीटही चालेल.

आधी एकक ठरवा. गुरुत्व स्थिरांक गुणिले वस्तुमान, भागिले प्रकाशवेगाचा वर्ग. सूर्यासाठी हे साधारण 1.48 किलोमीटर भरतं. या मापात न फिरणाऱ्या कृष्णविवराचं क्षितिज 2 वर येतं.

आडव्या अक्षावर केंद्रापासूनचं अंतर र घ्या, उभ्या अक्षावर (1 − 2/र) ÷ र². एक डोंगर तयार होईल: माथा र = 3 वर, उंची 1/27, म्हणजे 0.037. आता किरण सोडा. वाटेत काहीच नसतं तर तो केंद्राच्या किती जवळून गेला असता, त्या अंतराला ब म्हणा आणि 1/ब² उंचीवर आडवी रेघ मारा. रेघ डोंगराला अडली तर किरण तिथून मागे फिरतो. ब 5.196 पेक्षा कमी असेल तर रेघ माथ्यावरून पलीकडे जाते, आणि पलीकडे नुसता उतार आहे, थेट 2 पर्यंत. गेला तो गेला.

क्षितिज नसलेली वस्तू घ्यायची तर तिची त्रिज्या 3 पेक्षा कमी हवी, नाहीतर माथा वस्तूच्या पोटातच बुडतो. न्यूट्रॉन तारा (मोठ्या ताऱ्याचा उरलेला अतिघन गाभा) इथे कामाचा नाही: सूर्याच्या 1.4 पट वस्तुमान आणि 12 किलोमीटर त्रिज्या धरली तर आकडा 5.8 येतो. आपण 2.5 घेऊ. घनता सगळीकडे सारखी आणि वस्तू पारदर्शक धरू. (पारदर्शक हे गृहीतक किरकोळ नाही. अपारदर्शक वस्तू हे किरण गिळून टाकेल.)

2.5 च्या बाहेरचा आलेख तोच राहतो. आत मात्र हे सूत्र: [(3√0.2 − √(1 − 0.128 र²)) ÷ 2]² ÷ र². बिंदू मांडा. र = 2.5 ला 0.032, 1.85 ला 0.0256, 1.5 ला 0.0275, 1.25 ला पुन्हा 0.032, आणि 0.75 ला 0.0636. डोंगरामागे दरी, दरीमागे भिंत.

सगळा फरक त्या भिंतीत आहे. ब = 4 ची रेघ 0.0625 वर येते. कृष्णविवरात हा किरण संपला असता. इथे तो 0.76 पर्यंत शिरतो, भिंतीला थडकून वळतो आणि पुन्हा माथा ओलांडून बाहेर पडतो. ब = 0 चा तर न वळता आरपार जातो. म्हणजे 0 ते 5.196 या पट्ट्यात वळण शून्यापासून अनंतापर्यंत वाढत जातं, काही किरण एक, दोन, तीन फेऱ्या मारून बाहेर येतात, आणि जिथे कृष्णविवराची काळी सावली दिसली असती तिथे वलयांची आणखी एक मालिका उमटते. आत शिरताना मिळालेली ऊर्जा किरण बाहेर पडताना परत करतो, त्यामुळे रंग बदलत नाही. उशीर तेवढा होतो.

दरीच्या तळाशी, 1.85 पाशी, प्रकाश स्थिर फेऱ्या मारू शकतो. माथ्यावरची फेरी जरा धक्का लागला की मोडते, ही मोडत नाही. ही दरी योगायोगाने आलेली नाही. कुन्हा, बेर्ती आणि एर्देइरो या भौतिकशास्त्रज्ञांनी 2017 मध्ये दाखवलं की बऱ्याच सर्वसाधारण अटींखाली अशा वस्तूंमध्ये प्रकाशवलयं (प्रकाश फेऱ्या मारू शकतो अशा कक्षा) जोडीनेच येतात आणि जोडीतलं एक स्थिर असतं. त्या स्थिर वलयात ऊर्जा साचत जाऊन वस्तूच अस्थिर होईल, अशी शंका आहे. क्षितिज खरंच असतं याच्या बाजूने मला तरी हा मुद्दा कृष्णविवराच्या छायाचित्रापेक्षा वजनदार वाटतो. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, एम87 दीर्घिकेतल्या कृष्णविवराच्या चित्रातलं वलय 42 मायक्रोआर्कसेकंदांचं (हे कोनाचं अतिसूक्ष्म माप) आणि दुर्बिणीची नजर सुमारे 20 ची, म्हणजे त्याहून बारीक तपशील तिला वेगळे दिसत नाहीत. आतली बारीक वलयं असली तरी त्यात सुटी दिसणार नाहीत.

आता त्रिज्या बदलून बघा. 0.2 च्या जागी 1 − 2/त्रिज्या आणि 0.128 च्या जागी 2/त्रिज्या³ टाका. चौकटी कंसातली रक्कम, वर्ग करण्याआधीची, र = 0 ला काढलीत तर केंद्रातलं घड्याळ किती हळू चालतं ते मिळतं: 2.5 ला साधारण सहापट हळू, 2.3 ला चोवीसपट. 2.25 टाकलंत की ती रक्कम शून्य होते. ही बुखडालची मर्यादा: अशी वस्तू याहून जास्त आवळली तर स्थिर राहू शकत नाही. त्याखाली हे सूत्र वापरू नका.