ईमेल यादीतली सल काढताय? आधी या चुका टाळा

संत्र्याच्या झाडावरची सल, म्हणजे वाळलेली फांदी, आणि पाणी तोडून ताणावर सोडलेलं झाड यांतला फरक वरूड-मोर्शीकडच्या शाळकरी पोरालाही कळतो. ताणावरचं झाड मलूल दिसतं, पानं गाळतं, पण पाणी सोडलं की फुटतं. सल मेलेली असते, ती छाटायचीच. ग्राहकांची ईमेल यादी उघडली की मात्र कोणता पत्ता मेलाय आणि कोणता ग्राहक नुसता झोपलाय, हा फरक भल्याभल्यांना आठवत नाही. थेट शहरात संत्र्यांच्या पेट्या पाठवणाऱ्या शेतकरी गटांच्या याद्यांतले बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ९० दिवसांचा नियम. मेल पाठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘९० दिवसांत मेल उघडला नाही’ अशी तयार चाळणी असते. दर आठवड्याला काहीतरी विकणाऱ्याला ती ठीक. आपली अंबिया बहाराची संत्री निघतात ऑक्टोबर ते डिसेंबरात, मृग बहाराची साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये. नोव्हेंबरात चार पेट्या घेतलेल्या पुण्याच्या बाई जूनमध्ये तुमचा मेल कशाला उघडतील? त्यांना फेब्रुवारीतच यादीतून काढलं, तर पुढच्या अंबियाला माल निघाल्याचं त्यांना कळणार कसं? दिवसांऐवजी बहार, म्हणजे फळांचे हंगाम, मोजा. यादीत तीन रकाने पुरतात: शेवटची खरेदी, शेवटचं क्लिक किंवा उत्तर, आणि ग्राहक कोणत्या बहाराचा. त्याचे लागोपाठ दोन बहार कोरडे गेले, तरच नाव ‘झोपलेले’ गटात टाका. सोबत वायगावची हळद विकत असाल तर तिचा हिशेब निराळा ठेवा. वर्षाची हळद एकदाच भरणारा माणूस वर्षातून एकदाच हलतो.

‘मेल उघडला’ हा रकाना मुद्दामच घेतलेला नाही. २०२१ पासून ॲपलच्या मेलमध्ये अशी सोय आहे की ती चालू असली तर मेलमधली चित्रं आधीच उतरवून घेतली जातात. माणसानं मेलकडे पाहिलंही नसलं तरी तुमच्याकडे ‘उघडला’ अशी नोंद होते. उलट, चित्रं बंद ठेवून सगळं वाचणारा ग्राहक मेलेला दिसतो. क्लिक, उत्तर आणि ऑर्डर यांवरच विश्वास ठेवा.

दुसरी चूक दर हंगामात होते, आणि सांगून सांगून तोंड दुखलं तरी होतेच. दहा महिने गटाकडून एकही मेल गेलेला नसतो. सप्टेंबर संपत आला, भाव ठरला, की कोणीतरी जुनं रजिस्टर काढतं. कृषी प्रदर्शनाच्या स्टॉलवर चार वर्षांत लोकांनी पेनानं लिहिलेले पत्ते त्यात असतात. पोरं रात्रभर बसून ते टाइप करतात, जीमेलचं स्पेलिंग पाच प्रकारे चुकवतात, आणि सकाळी एका झटक्यात सगळ्यांना मेल. दुपारपर्यंत ‘५५० ५.१.१’ची रांग लागते, म्हणजे असा पत्ताच नाही. संध्याकाळी मेल पाठवणारी सेवा खातं थांबवते. पुढचे पंधरा दिवस नेहमीच्या पक्क्या ग्राहकांचेही मेल स्पॅममध्ये जातात. तोडलेली फळं तोवर थांबत नाहीत, मग पेट्या मिळेल त्या भावात मंडीत.

कारण साधं आहे. मेलसेवा तुमच्या डोमेनची, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाची, वागणूक बघते, आणि वाईट पत्त्यांची शिक्षा चांगल्या पत्त्यांनाही होते. दोन वर्षं न वापरलेली खाती गूगल डिसेंबर २०२३ पासून पुसत आलं आहे. दुसऱ्या काही सेवा बंद पडलेले पत्ते पुढे सापळा म्हणून वापरतात, त्यांवर मेल पाठवणारा स्पॅमवाला ठरतो. शिवाय फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलची अट आहे की स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली हव्यात. म्हणजे हजारात तिघांनी स्पॅमचं बटण दाबलं की संपलं. ०.१च्या आत राहिलेलं बरं. जीमेलवर दिवसाला ५,००० मेल जात असतील तर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क, म्हणजे मेल खरंच तुमच्या डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या नोंदी, तिन्ही लागतात. कमी जात असले तरी लावून टाका, एकदाचंच काम आहे.

पाणी हळूहळू सोडायचं. तोडणीच्या तीन आठवडे आधी गेल्या बहाराच्या खरेदीदारांना पहिला मेल, फार तर दोन-तीनशे. दोन दिवस बघा. मग त्याआधीच्या बहाराचे. झोपलेले सगळ्यात शेवटी, शंभर-शंभरच्या तुकड्यांत. शंभरात दोनपेक्षा जास्त परत आले की तिथंच थांबायचं. घाई असलेल्याला हे पटत नाही. त्यानं सरळ मंडी गाठावी.

झोपलेल्यांना ‘तुमची आठवण येते’ छापाचे मेल नकोत, आणि पन्नास टक्के सूट तर मुळीच नको. सूट दिली की लोक पुढच्या वर्षी मुद्दाम झोपतात. एक ओळ पुरते: ‘यंदाच्या अंबियाचे भाव कळवायचे का?’ खाली दोन दुवे, ‘हो’ आणि ‘नको’. दहा दिवसांनी आणखी एकदा. तिसरा मेल नाही. जुन्या ऑर्डरीवर मोबाइल नंबर असेल तर एक फोन दहा मेलांना भारी पडतो.

बाकीच्या चुका थोडक्यात. अनसबस्क्राइबचा, म्हणजे यादीतून बाहेर पडायचा, दुवा लपवू नका, तो सापडला नाही की माणूस स्पॅम दाबतो. मेल १०२ केबीच्या वर गेला की जीमेल खालचा भाग कापतं, आणि दुवा नेमका तिथंच असतो. ‘४५२’, म्हणजे ग्राहकाची मेलपेटी भरलेली, हा तात्पुरता नकार आहे. वेगवेगळ्या तीन मेलांना तोच आला तर मगच पत्ता बंद करा. विकत घेतलेल्या यादीबद्दल बोलायलाच नको.

आणि बंद केलेले किंवा ‘नको’ म्हणालेले पत्ते पुसू नका. पुसलेला पत्ता पुढच्या वर्षी कोणाच्या तरी जुन्या एक्सेलमधून परत येतो, आणि ‘नको’ म्हणालेल्याला पुन्हा मेल जातो. ते सगळे सप्रेशन लिस्टमध्ये, म्हणजे मेल न पाठवायच्या पत्त्यांच्या यादीत, ठेवा, आणि नवी फाइल चढवण्याआधी तिच्याशी ताडून बघा.