सायन्स प्रोजेक्ट करताय? मग या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शनात मटकीचा प्रयोग दरवर्षी असतोच. एक वाटी खिडकीत, एक कपाटात, आणि चार्टवर निष्कर्ष आधीच रंगवून ठेवलेला, "प्रकाशात रोपं जास्त वाढतात". मग होतं काय, आठवड्याभरात कपाटातली रोपंच उंच निघतात, पोरगं रडकुंडीला येतं आणि घरचे म्हणतात आकडे उलटे लिहून टाक, कोण बघतंय. अहो थांबा, प्रयोग बरोबरच आहे! अंधारात कोंब बियातल्या साठ्यावर लांबच लांब वाढतो, फक्त तो पिवळट आणि लुळा असतो. चुकलं ते गृहीतक, आणि ते चुकलं म्हणून मार्क जात नाहीत (निदान जाऊ नयेत).

खरी गडबड वेगळीच असते. "वाढ" म्हणजे काय मोजणार हेच ठरलेलं नसतं. उंची मोजली तर अंधार जिंकतो, पण तीच रोपं मातीत दोन-तीन आठवडे वाढवून, वाळवून वजन केलं तर उजेडातली भारी भरतात. दुसरं म्हणजे खिडकीतली वाटी तापते, तिच्यातलं पाणीही लवकर आटतं, म्हणजे तुम्ही एकदम तीन गोष्टी बदलल्या, मग फरक कशामुळे पडला सांगणार कसं? त्यापेक्षा दोन्ही वाट्या सावलीत पण उजेडात शेजारी ठेवा, एकीवर पुठ्ठ्याचा खोका पालथा घाला, पाणी चमच्याने मोजून द्या. आणि दोन-चार दाण्यांवर भागवू नका, एखादा गणंग (न भिजणारा, न रुजणारा दाणा) निघाला की सगळा हिशोब बोंबलतो, दोन्हीकडे वीस-वीस तरी घ्या.

वहीत "पानं पिवळी" हे निरीक्षण, "हरितद्रव्य तयार झालं नाही" हे अनुमान, दोन्ही एकाच रकान्यात कोंबू नका.

"उत्क्रांती ही नुसती थिअरी आहे", म्हणजे अजून नियम न झालेला अंदाज, हे पण ऐकू येतंच. नियम काय घडतं ते सांगतो, थिअरी का घडतं ते, आणि तीही पुराव्यावर उभी असते, थिअरीला प्रमोशन मिळून नियम होत नाही.

जर्नलमध्ये रीडिंग कुक करणं, म्हणजे मनाचे आकडे लिहिणं, तर आपल्याकडे परंपराच. महाबळेश्वरला पाणी साधारण 95-96 अंशालाच उकळतं, कारण उंचीवर हवेचा दाब कमी, तरी पुस्तकात आहे म्हणून 100 लिहायचं? आलं ते लिहा, गावाची उंची बाजूला टाका, आणि थर्मामीटरचा फुगा भांड्याच्या बुडाला टेकला नव्हता ना तेवढं बघा.